पोरगं शर्टच काढंना झालंय!

या आठवड्याचं पत्र. लांब होतं, थोडं कापलंय:

"ताई नमस्कार. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. मुलगा नववीला, चौदा पूर्ण. आमच्यात सासऱ्यांपासनं कुस्ती, मिस्टर पण लग्नाआधी मैदानं मारायचे, म्हणून याला सहावीतच तालमीत घातला. आता तीन महिने झाले जाईना झालाय. गुडघा दुखतोय म्हणतो, पण सायकलवर अख्खं गाव फिरतोय. रात्री एक-दीडपर्यंत जागा, सकाळी सातची शाळा, उठवायला गेलं की अंगावर येतो. तोंडावर पुटकुळ्या, घामाचा वास, दार आपटणं, सगळं चालू आहे. मे महिन्यात सगळी पोरं पोहायला उतरली आणि हा काठावर टी-शर्ट घालून बसला, घरात पण एवढ्या उकाड्यात काढत नाही. मिस्टर म्हणतात हार्मोन्स हायत, एक कानाखाली बसली की जाग्यावर येतील. तालमीतला एक मोठा पोरगा त्याला म्हणाला म्हणे, इंजेक्शनचा एक कोर्स मार, सहा महिन्यांत अंग भरतंय. हे मला याच्या मित्राकडनं कळलं. माझं वय ४६. आठ महिने पाळीचा नेम नाही, कधी वीस दिवसांत, कधी दोन महिन्यांनी. पहाटे तीनला जाग येते, अंगातनं वाफ निघते. परवा दही लागलं नाही म्हणून ओट्यापाशी उभी राहून रडले. मिस्टर म्हणाले, तुझं पण हार्मोन्सच. लॅबवाल्याकडं हार्मोनचं पॅकेज आहे, दोघांचं करून घेऊ का? आणि हार्मोन्स बॅलन्स करायची काही गोळी असते का?"

ताई,

दही लागलं नाही तिथनंच सुरू करते. पातेलंभर दुधाला विरजण किती लागतं, चमचाभर. पण तोच चमचा थंडगार दुधात घातला, नाहीतर डिसेंबरात पातेलं खिडकीत ठेवलं, तर सकाळी दूध ते दूधच. म्हणजे दही नुसत्या विरजणानं लागत नाही, दूध कसं होतं आणि ऊब किती मिळाली त्यावर लागतं. हार्मोनचं तसंच आहे. तुमच्या मिस्टरांच्या रक्तात या घडीला जेवढं टेस्टोस्टेरॉन फिरतंय ते सगळं गोळा केलं तरी मिठाच्या एका कणाएवढं भरणार नाही, आणि तेवढ्यावर मिशा, आवाज, दंड सगळं चाललंय. पण तेवढ्या कणावर माणूस वागणार कसा हे ठरत नाही, त्याला दूध आणि ऊब बघायला लागते.

मी डॉक्टर नाही, वीस-बावीस वर्षं अकरावी-बारावीला बायो शिकवते, त्यामुळं या वयाची पोरं रोज समोरच्या बाकावर असतात. डॉक्टर कुठं लागेल ते जिथल्या तिथं सांगते.

आता पोरगा. तुम्ही दार आपटण्यावर, झोपण्यावर, उलटं बोलण्यावर भरपूर लिहिलंय, आणि मधेच एक ओळ सहज टाकून पुढं गेलाय, की पोहायला उतरला नाही, टी-शर्ट काढत नाही. ताई, माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. तालमीत काय असतं, लंगोट आणि लाल माती, अंगावर दुसरं काही नाही, आणि समोर पंधरा-वीस पोरं. पोरगा हौद्यात उतरत नाही, पाण्यात उतरत नाही आणि सायकल मात्र मारतोय, मग गुडघा कुठनं आला? मला वाटतं त्याची छाती थोडी वर आलीये आणि त्यानं जीव मुठीत धरून ते लपवलंय.

हे या वयात इतकं कॉमन आहे की सांगून खरं वाटत नाही. वयात येणाऱ्या पोरांपैकी जवळजवळ निम्म्यांना, काही डॉक्टरांच्या हिशोबानं त्याहून जास्तच, तेरा-चौदाच्या सुमाराला निप्पलच्या मागं एक सुपारीएवढी गाठ येते, कधी एका बाजूला, कधी दोन्हीकडं, आणि हात लागला की दुखते. डॉक्टर त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात. होतं असं की पोरांच्या अंगात टेस्टोस्टेरॉनसोबत थोडं इस्ट्रोजेन पण तयार होतं (हो, बायकांचं म्हणतो ते, ते सगळ्यांत असतं, तसंच टेस्टोस्टेरॉन तुमच्या-माझ्यात पण आहे), आणि वयात येताना काही काळ टेस्टोस्टेरॉनची गाडी अजून पुरती वेगात आलेली नसते तोवर इस्ट्रोजेनचं पारडं जड पडतं. सहा महिने ते दोन वर्षांत बहुतेकांचं आपोआप बसतं. आजार नाही, पोरगा बायल्या होत नाही, आणि असलं काही घरात कुणी चेष्टेत पण बोलायचं नाही. विशेष करून आजोबा.

आता माझा अंदाज चुकू पण शकतो, त्यामुळं तुम्ही जाऊन त्याचा टी-शर्ट वर करून बघू नका! पोराशी बोलायचं काम मिस्टरांचं. आणि समोर बसवून "तुला काही प्रॉब्लेम आहे का रे" असं पण नको, चौदा वर्षांचं पोरगं त्याला "काय नाही" एवढंच उत्तर देतं. गाडीवर मागं बसवायचं, रात्री दूध आणायला म्हणून रंकाळ्याच्या कडेनं एक चक्कर मारायची, आणि गाडी चालवता चालवता आपलं स्वतःचंच सांगायचं, "आमच्या तालमीत पण कितीक पोरांची छाती असली व्हायची, दुखायची, वर्षा-दोन वर्षांत गेली." तोंडाकडं बघायला लागत नाही ना, मग पोरं बोलतात. नाही बोलला तरी त्याच्या कानावर पडलं, काम झालं. त्यानंतर एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात गेलात तरी चालेल, ते दोन मिनिटांत बघून सांगतात. गाठ दगडासारखी टणक असली, झपाट्यानं वाढत असली, त्यातनं पाणी येत असलं किंवा दोन वर्षं झाली तरी हलत नसली, तर थांबायचं नाही. एखादी गोळी चालू असली तर ती पण डॉक्टरांना सांगायची, काही औषधांनी पण असं होतं.

इंजेक्शनबद्दल मात्र मी गोड बोलणार नाही. तो "कोर्स" म्हणजे बहुतेक वेळा अॅनाबॉलिक स्टेरॉइड, म्हणजे बाहेरनं मारलेलं टेस्टोस्टेरॉन नाहीतर त्याचं भावंड. आपल्या मेंदूत खाली हायपोथॅलॅमस म्हणून एक बदामाएवढा भाग आहे, तो रक्तात किती हार्मोन आहे ते सारखं मोजत बसलेला असतो. बाहेरनं भरपूर आलं की तो म्हणतो, झालं, पुरे, आणि खालच्या कारखान्याला कुलूप लावतो. वृषण आक्रसतात, बी (शुक्राणू) तयार होणं पार खाली येतं. आणि गंमत बघा, त्या जादाच्या टेस्टोस्टेरॉनपैकी काही अंगात इस्ट्रोजेनच होऊन बसतं, म्हणजे ज्या छातीला लाजून पोरगा लपतोय तीच आणखी वाढणार. उंची पण गेली. हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते ती बंद करायचं काम खरं म्हणजे इस्ट्रोजेन करतं, पोरांत सुद्धा. १९९४ साली अमेरिकन डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या माणसाची केस छापली, त्याच्या शरीराला इस्ट्रोजेन कळतच नव्हतं, तर गडी २०४ सेंटिमीटर झाला होता आणि अजून वाढतच होता. तुमच्या पोराचं उलटं होऊ शकतं, कूर्चा वेळेआधी बंद आणि उंची तिथंच अडकलेली. त्यात यकृत, हृदय, डोक्यातला राग वेगळाच. शिवाय डोपिंगमध्ये सापडला की कुस्ती संपली. ज्या मोठ्या पोरानं सांगितलं त्याचं नाव घेऊन मिस्टरांनी वस्तादांकडं जावं, पण एकट्यानं, पोराला सोबत नेऊन त्याचा तमाशा करू नये. जुने वस्ताद असलं काही कळलं की काय करतात ते मिस्टरांना माहीत असणार.

झोपेचं. यात पोराचा दोष तुम्हाला वाटतो त्याच्या निम्मा धरा. वयात आलं की मेंदूतलं मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं हार्मोन, रात्री उशिरा चढायला लागतं, लहानपणापेक्षा तास-दोन तास उशिरा, हे जगभर मोजून झालेलं आहे. म्हणजे तुम्ही दहाला झोप म्हणता तेव्हा त्याच्या अंगात संध्याकाळच असते. आणि झोप लागते पाच तास, लागायला पाहिजे आठ ते दहा. आपल्या सरकारनं २०२४ ला शाळांना सांगितलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, चांगलं केलं, पण पहाटे खरोखर झोप लागते ती नववी-दहावीच्या पोरांना, त्यांचा कुणी विचारच केला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलंय की या वयाच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत. ते आपल्या हातात नाही. हातात आहे ते एवढंच की मोबाईल साडेदहाला खोलीबाहेर, सगळ्यांचे, मिस्टरांचा धरून. रविवारी बारापर्यंत लोळू द्यायचं नाही, रोजच्यापेक्षा दीड-दोन तास जादा बास. सकाळी उन्हात जरा उभा करा. आणि सकाळी सहा वाजता त्याच्याशी अभ्यास, तालीम, केस कापणं, कुठलाच विषय नको, चहा द्या आणि गप्प बसा. वाढीचं हार्मोन सगळ्यात जास्त पाझरतं ते रात्रीच्या गाढ झोपेत, हे मिस्टरांना मुद्दाम सांगा, पैलवान माणसाला अंग भरण्याच्या भाषेत सांगितलेलं लगेच कळतं. तालीम परत सुरू झाली तर पहाटेची नको, संध्याकाळची.

आता मिस्टरांचं ते वाक्य, हार्मोन्स हायत, कानाखाली बसली की जाग्यावर येतील. यात पहिला अर्धा भाग बरोबर आहे. १८४९ साली जर्मनीत ग्योटिंगेनला आर्नोल्ड बेर्टहोल्ड म्हणून एक प्राध्यापक होता, त्यानं कोवळ्या कोंबड्यांचे वृषण काढले. तुरा वाढेना, आरवेनात, भांडेनात, नुसते जाड होऊन बसले. मग काहींच्या पोटात वृषण परत ठेवला, नस-बिस काही जोडली नाही, नुसता आत ठेवला, तर तुरा लाल झाला, आरवायला लागले, दुसऱ्या कोंबड्याच्या अंगावर जायला लागले. म्हणजे रक्तातनं काहीतरी जाऊन वागणं बदलतंय हे त्याला कळलं. हार्मोन हा शब्द त्यानंतर पन्नासेक वर्षांनी आला, १९०५ ला, स्टार्लिंग नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं वापरला, मूळ ग्रीक, अर्थ चेतवणे.

पण माणूस म्हणजे कोंबडा नव्हे, आणि वर्गात मी हे दरवर्षी सांगते. २०१० मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात झुरिक विद्यापीठातल्या एर्न्स्ट फेर यांच्या टीमनं शंभरावर बायकांना बोलावलं, काहींना टेस्टोस्टेरॉनचा डोस दिला, काहींना तसाच दिसणारा खोटा, कुणाला काय मिळालं हे सांगितलं नाही, आणि पैसे वाटून घ्यायचा एक खेळ खेळायला लावला. ज्यांना खरंच टेस्टोस्टेरॉन मिळालं होतं त्यांनी समोरच्या बाईला जास्त रास्त वाटा देऊ केला. आणि ज्यांना नुसतं वाटलं की आपल्याला टेस्टोस्टेरॉन दिलंय, मग मिळालेलं असो नसो, त्या जास्त हावरटपणे वागल्या! म्हणजे हार्मोननं माणूस बिघडला नाही, हार्मोनच्या नावानं बिघडला. घरात रोज उठून "याचे हार्मोन्स उसळलेत, हा आता असाच वागणार" म्हणत राहिलं की पोरगं ऐकतंय ना सगळं. त्याला एक आयतं प्रमाणपत्रच मिळालं दार आपटायचं.

टेस्टोस्टेरॉन खरं करतं काय, तर चारचौघांत आपली किंमत काय याची भूक वाढवतं. आता ती किंमत मारामारीनं मिळते की वस्तादांनी पाठीवर थाप मारल्यावर मिळते की गणितात पहिला आल्यावर, ते घर ठरवतं, पेठ ठरवते, दोस्त ठरवतात. झालं ना परत दूध आणि ऊब. त्यात या वयात मेंदूचा भावनेचा भाग पुढं पळतोय आणि कपाळामागचा आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत तयार होत राहतो. अशा पोराला मित्रांसमोर कानाखाली मारली तर त्याला गालाचं दुखत नाही, किंमत गेल्याचं दुखतं, आणि ती परत मिळवायला तो कुठं जाईल, तर त्या इंजेक्शनवाल्याकडंच. दार आपटलं तर आपटलेल्या दाराबद्दल बोला, रात्री, शांतपणे, "दार हळू लावायचं" एवढंच. सूट देऊ नका, पण कारण हार्मोनचं देऊ नका.

तुमचं. ताई, तुम्ही पोराबद्दल पंधरा ओळी लिहिल्या आणि स्वतःबद्दल चारच, हे आपलं नेहमीचं. आपल्याकडं पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास कायमची थांबते, युरोप-अमेरिकेत एक्कावन्नच्या, म्हणजे तुम्ही अगदी वेळेवर आहात. लोकांना वाटतं इस्ट्रोजेन हळूहळू उतरत जातं, तसं नसतं, या चार-पाच वर्षांत ते कधी पार वर कधी पार खाली, आणि शांत झोप देणारं प्रोजेस्टेरॉन आधीच कमी पडायला लागतं. अंगातली वाफ हा त्याच हायपोथॅलॅमसचा घोळ, तिथला थर्मोस्टॅट इतका हळवा होतो की थोडी ऊब वाढली तरी त्याला वाटतं आग लागली. मी एकदा फेब्रुवारीत फळ्यावर किडनी काढत होते, पंखा फुल, आणि मानेवरनं घाम असा ओघळला की पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, मॅडम ताप आलाय काय? मी तिच्यावर इतकी ओरडले की नंतर स्टाफरूममध्ये जाऊन रडले. ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी तिला सॉरी म्हटलं आणि मग स्त्रीरोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली, दोन वर्षं उशिरा.

तुम्ही उशीर करू नका. वीस-वीस दिवसांनी येतेय म्हणजे रक्त जास्त जात असणार, हिमोग्लोबिन बघा, गरज वाटली तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतील. थायरॉइडची टीएसएच एकदा करा, कारण थायरॉइड कमी असलं तरी असंच होतं, थकवा, रडू, पाळीचा घोळ. आणि हसू नका, दोन महिने पाळी आली नाही तर एकदा प्रेग्नन्सी टेस्ट पण करायची, या वयात दिवस राहिलेल्या बायका मी बघितल्यात. सलग बारा महिने पाळी नाही आली की मगच ती थांबली म्हणायचं, आणि त्यानंतर एक थेंब जरी दिसला तरी लगेच डॉक्टर.

गोळीचं विचारलंत. हार्मोन्स बॅलन्स करणारी अशी एक गोळी, चूर्ण, काढा काही नसतो, मोबाईलवर कितीही जाहिराती येऊ देत. त्रास फार असला तर डॉक्टर हार्मोनचा उपचार देतात, तो खरा उपाय आहे. २००२ ला अमेरिकेतला या उपचाराचा एक मोठा अभ्यास धोका दिसला म्हणून मध्येच थांबवला तेव्हापासनं बायका त्याला घाबरतात, पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, तुमचं ४६. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्या असल्या तर मात्र सहसा देत नाहीत, म्हणून घरातला इतिहास सगळा सांगायचा, मावशी-आत्या धरून.

आणि ते लॅबचं पॅकेज राहू द्या. तुमचं इस्ट्रोजेन, एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) आज एक येईल, पुढच्या आठवड्यात दुसरंच, पंचेचाळिशीनंतर डॉक्टर लक्षणं विचारूनच सांगतात. पोराचं टेस्टोस्टेरॉन सकाळी वेगळं, संध्याकाळी वेगळं, आणि वयात येणाऱ्या पोरात तर महिन्यागणिक वेगळं. वृषण वाढायला लागणं ही पोरांची पहिली खूण, ती चौदापर्यंत दिसली नाही तर टेस्टला अर्थ, इथं तर मिशी फुटायला लागली असणार. पॅकेजच्या पैशात बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांची फी भागेल.

राहिले मिस्टर, त्यांना वाटतंय की घरात हार्मोन्स फक्त तुम्हा दोघांनाच आहेत. फिलिपाईन्समध्ये सेबूला ६२४ तरुण पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन एकदा मोजलं आणि साडेचार वर्षांनी परत मोजलं, २०११ ला ते छापून आलं. मधल्या काळात ज्यांचं लग्न होऊन ते बाप झाले त्यांचं चांगलंच उतरलेलं, आणि जे रोज तीन-तीन तास पोरांचं करत होते त्यांचं आणखी कमी. म्हणजे लेकराला मांडीवर घेतलं की बापाचं रक्त पण बदलतं. हे त्यांना जेवताना सांगा आणि मग गाडीची किल्ली हातात द्या, पोराला घेऊन दूध आणायला पाठवा. येताना साय असलेलं आणायला सांगा, आणि आठवडाभर विरजण लावायचं काम त्यांच्याकडं. नाही लागलं तर रडायची पाळी त्यांची.